मी ट्रॅक्टर का घेतला?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरावृत्ती तेवढी गाळली आहे.)



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान माणसं येतात. कुणी ज्ञानेश्वरीवर बोलतं, कुणी मधुमेहावर. यंदा कार्यवाहांचा फोन आला, "काका, घरचाच वक्ता ठेवायचं ठरलंय. विषयही तुमचाच. ट्रॅक्टर!" मी आधी हसलो. मग लक्षात आलं, की गेली पंचवीसएक वर्षं या वसाहतीत मला नावाने कमी आणि 'ट्रॅक्टरवाले काका' म्हणूनच जास्त ओळखतात. आपल्या बाप्पांची ट्रॉली हथाईखेड्याला ओढून नेतो तो ट्रॅक्टर माझा. आणि माझ्या पाठीमागे जो प्रश्न विचारला जातो तोही मला ठाऊक आहे : भेलमध्ये चांगली इंजिनिअरची नोकरी, क्वार्टर, दवाखाना, सगळं असताना या माणसाला रायसेन रस्त्यावर सहा एकर आणि वर एक जुना ट्रॅक्टर कशाला हवा होता?

आयुष्यभर मी ट्रॅक्शन मोटर विभागात काम केलं. रेल्वेची इंजिनं ज्यांच्या जोरावर गाडी ओढतात त्या मोटरी. ट्रॅक्शन आणि ट्रॅक्टर, दोन्ही शब्दांचं मूळ एकच, ओढणे. तेव्हा मी धंदा बदलला नाही, असं उत्तर मी बरीच वर्षं देत आलो. ते विनोदी उत्तर होतं. आज खरं सांगतो.

आमचं गाव माणदेशात, सांगली जिल्ह्याच्या आटपाडी भागात. माडगूळकर बंधूंचा मुलूख म्हटलं की मराठी माणसाला पत्ता कळतो. पाऊस तिकडे पाहुण्यासारखा येतो आणि बरेचदा न जेवताच परत जातो. आमची वडिलोपार्जित अकरा एकर, सगळी कोरडवाहू. एक विहीर होती, ती दिवाळीनंतर फक्त पारवे सांभाळायची. घरात आण्णा म्हणजे वडील, आई, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा दादा, एक धाकटी बहीण आणि मी. शिवाय हौशा आणि पाखऱ्या, ही खिलार जोडी. त्यांना मी मुद्दाम घरात धरतो, कारण आमच्याकडे तसंच धरायचे. ही जोडी आण्णांनी खरसुंडीच्या यात्रेतून आणली तेव्हा घरातली दोन वर्षांची साठवलेली ज्वारी विकली होती. बेंदराला शिंगं रंगवायचा मान दादाचा, गळ्यात घुंगुरमाळ घालायचा माझा. (आपल्याकडच्या नागपूर-अमरावतीच्या मंडळींना सांगायला हवं, की तुमचा पोळा तो आमचा बेंदूर.)

आमच्याकडे किर्लोस्करांचा लोखंडी नांगर होता. किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यातली, १९१० साली वसलेली. पण तो नांगर भारी रानात घालायचा तर एक जोडी पुरत नसे, दोन-तीन जोड्या जुंपाव्या लागत. मग इर्जिक घालायची. आज याच्या रानात, उद्या त्याच्या. ज्याच्या रानात काम त्याच्याकडे जेवण. ज्याच्याकडे एकच बैल तो दुसऱ्या एकबैलाशी वारंगुळा करायचा. हे सगळं मी मुद्दाम सांगतो आहे, कारण बैल ही एकट्याची मालमत्ता नसून सगळ्या गावाची सोय होती, आणि ती गेली तेव्हा सगळ्या गावाची एकदम गेली.

ती १९७२ साली गेली. आधीची दोन वर्षं ओढाताणीत गेलीच होती. बहात्तरला मृग गेला, आर्द्रा गेल्या, हस्तही कोरडा गेला. कडबा संपला. आम्ही छपराचा जुना पाचोळा बैलांपुढे टाकला. मी तेव्हा तेरा वर्षांचा. एका सकाळी आईने हौशा-पाखऱ्यांच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि ती आत निघून गेली. आण्णा जोडी घेऊन बाजाराला गेले. संध्याकाळी ते परत आले ते खांद्यावर नुसता कासरा टाकून. जनावर विकलं तरी दावं-कासरा द्यायचा नाही, ही आमच्या घरची रीत. कासरा आणि घुंगुरमाळा त्यांनी खुंटीला अडकवल्या. जी जोडी घेताना दोन वर्षांची ज्वारी गेली होती, तिच्या पैशात दोन आठवड्यांचा किराणा आला. त्या रात्री आण्णा बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

पुढचं वर्ष आमचं घर दुष्काळी कामावर होतं. आई-आण्णा-दादा खडी फोडायला, मी शाळेला सुट्टी असेल तेव्हा पाट्या टाकायला. सुकडी खाल्ली, मिलो खाल्ला. या सभागृहात त्या वयाची माणसं आहेत, त्यांना लाल मिलोच्या भाकरीची चव सांगायला नको.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या पुढचं. १९७३ साली पाऊस आला! चांगला आला. सगळ्या गावाने आनंद करायचा, तर गावात बैल किती उरले होते? ज्यांच्याकडे होते त्यांच्या दारात माणसांची रांग. आमची पाळी येईपर्यंत रानातला वाफसा जाणार होता. वाफसा म्हणजे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : जमीन ना ओली ना कोरडी, पेरायला नेमकी, अशी चार-दोन दिवसांची वेळ. ती गेली की बी हातातच राहतं. चौथ्या दिवशी पहाटे आण्णा आणि दादा पाभरीच्या जुवाला लागले. बैलांच्या जागी. मागे चाड्यावर मूठ धरून मी. दादा तेव्हा अठरा वर्षांचा. दोघांच्या पाठी माझ्यासमोर होत्या आणि मला वर बघायचं धैर्य होत नव्हतं म्हणून मी फक्त चाड्यात पडणाऱ्या दाण्यांकडे बघत होतो. साधारण दोन एकर पेरलं आम्ही तसं. उरलेलं रान त्या वर्षी तसंच राहिलं.

मंडळी, हिशेबाने बघाल तर मी ट्रॅक्टर १९९८ साली घेतला. खरं म्हणजे त्याचं बुकिंग त्या दिवशी झालं.

त्यानंतर घरात एक वाटणी झाली. तिचा कागद नव्हता. आण्णा म्हणाले, "एकाने शिकायचं, एकाने रान बघायचं." दादाची शाळा दुष्काळी कामावरच सुटली होती, तेव्हा कोण काय करणार हे ठरलेलंच होतं. मी सांगलीला वालचंद कॉलेजात गेलो, १९८१ साली इथे भोपाळला रुजू झालो. दादाच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही. आज विचारतो तर तो म्हणतो, "इचारून काय हुणार हुतं?"

१९८८ साली जमिनीच्या कागदोपत्री वाटपाचा प्रश्न आला. अकरा एकर कोरडवाहूचे तुकडे करून कुणाचंच पोट भरणार नव्हतं. माझा पगार सुरू होता. मी हक्कसोड पत्रावर सही केली, सगळं दादाच्या नावावर. नातेवाइकांनी माझं फार कौतुक केलं, भावाने भावासाठी केलेला त्याग वगैरे. आमच्या बहिणीनेही त्याच दिवशी त्याच टेबलावर सही केली. तिला एक साडी मिळाली, आणि तिचं कौतुक कुणी केलं नाही, कारण बहिणीने सही करायचीच असते असं सगळे धरून चालले होते. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने मुलींच्या वारसाहक्काचा कायदा बदलला. पण टेबलावरची साडी काही लगेच हलली नाही. असो, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे, आणि तो कुणीतरी भगिनीने इथे येऊन मांडावा अशी माझी विनंती आहे.

सही करताना मला एक गोष्ट कळली नव्हती. १९९५ च्या मे महिन्यात गावी गेलो. विहिरीला लागून असलेलं शेजाऱ्याचं दोन एकर विकायला निघालं होतं. हातात थोडे पैसे होते. म्हटलं, घेऊ. चावडीत गेलो तर पहिलाच प्रश्न, "आपल्या नावावर शेतजमीन आहे का? सातबारा?" नाही. "मग शेतकरी असल्याचा पुरावा?" महाराष्ट्रात १९४८ चा कूळवहिवाटीचा कायदा आहे, त्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कायदा वाईट नाही. जमीन कसणाऱ्याच्या हातात राहावी, शेठ-सावकारांनी ती गिळू नये, म्हणून तो आहे. पण त्या दिवशी तो माझ्यावर येऊन पडला. चाड्यावर मूठ धरलेला मी, आण्णांच्या पोटी जन्मलेला मी, माझ्याच गावच्या चावडीत शेतकरी नाही असं ठरलं. आणि ठरवणारा कागद माझ्याच सहीचा!

मी दादाकडे बघितलं. त्याने अकरातलं अर्धा एकर माझ्या नावावर लावलं असतं तर पुढचं सोपं झालं असतं. तो काही बोलला नाही. घरी आल्यावर मी विषय काढला, तेव्हा म्हणाला, "परत घ्यायचं तर समदं घे की. अर्ध्या एकराला कशाला हात पसरतोस?" माझा पारा चढला. मी म्हणालो, कागद मी सोडला म्हणून तू आज मालक आहेस. तो म्हणाला, "आनि मी शाळा सोडली म्हणून तू सायेब हायेस." आम्ही दोघंही खरं बोलत होतो. त्यानंतर तीनेक वर्षं आमच्यात पत्र नाही, फोन नाही.

तर मध्य प्रदेशात जमीन घेण्यामागे अशी थोडी जिद्द, थोडा राग होता. इथे शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागत नाही. (आदिवासी बांधवांची जमीन मात्र इतरांना अशी घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे.) आपल्यापैकी ज्यांची मुलं कर्नाटकात आहेत त्यांना सांगतो, तिकडेही ही अट होती, ती २०२० साली काढली. गुजरातेत अट आहे. ज्यांच्या नावावर गावी चार गुंठे असतील त्यांनी ते सोडताना सही करण्याआधी एक रात्र झोप घ्यावी, एवढंच.

१९९६ साली सौ.च्या नावावरची मुदत ठेव मोडून रायसेन रस्त्यावर, कारखान्याच्या गेटपासून बावीस किलोमीटरवर सहा एकर घेतलं. सौ. गिरगावातल्या चाळीत वाढलेली. तिने जमीन बघून विचारलं, "याला दार कुठे आहे?" पण हिशेबाची वही तेव्हापासून तिच्याकडे आहे, आणि पटवारी, खसरा, ऋण पुस्तिका या सगळ्या गोष्टी माझ्याआधी तिला पाठ झाल्या.

पटवारीबुवांबरोबर हद्द बघायला गेलो तेव्हा शेजारचे एक म्हातारे म्हणाले, "यहाँ सब काँस था, बाबूजी. सरकारी ट्रैक्टर ने निकाला." मी पुढे चौकशी केली तेव्हा ती एक मोठीच हकिगत निघाली. कांस नावाचं गवत या भागात इतकं माजलं होतं, आणि त्याची मुळं इतकी खोल, की बैलाच्या नांगराला ते दाद देत नसे. शेतकरी गावं सोडून जात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेली यंत्रं घेऊन भारत सरकारने १९४७ साली सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन काढली. १९४९ साली जागतिक बँकेने भारताला जी पहिली दोन कर्जं दिली, त्यांतलं एक रेल्वेसाठी आणि दुसरं, एक कोटी डॉलरचं, ट्रॅक्टरसाठी. कांस उपटायला! भोपाळ, मध्य भारत, जुना मध्य प्रदेश, इथल्या रानांत ते ट्रॅक्टर फिरले. पुढे १९५५ साली नर्मदेकाठी बुधनीला ट्रॅक्टरचं सरकारी प्रशिक्षण केंद्र निघालं. इटारसीकडे जाताना आपण सगळे बुधनी स्टेशन ओलांडतो, लाकडी खेळणी बघतो आणि पुढे जातो. पण देशातले ट्रॅक्टर तपासले जातात, त्यांची ओढ मोजली जाते, ते तिथे. मी रजा काढून तिथला छोटा अभ्यासक्रम केला. वर्गात मी एकटा चष्म्याचा. बाकी सगळी विशीतली शेतकरी पोरं, मला 'सरजी' म्हणायची आणि क्लच सोडताना मी गचका दिला की पोट धरून हसायची.

ट्रॅक्टर घेतला तो जुना, एचएमटीचा २५११. पंचवीस अश्वशक्ती, दोन सिलिंडर, मूळ आराखडा चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचा, बांधणी हरियाणातल्या पिंजोरची. एका सरकारी कारखान्याच्या माणसाने दुसऱ्या सरकारी कारखान्याचं यंत्र घ्यावं, ही त्यामागची भावना आज पोरांना कळणार नाही. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. आमचा मात्र अजून चालू आहे. एखादा बुश झिजला तर मी आणि एक निवृत्त टर्नर मित्र लेथवर बसतो.

१९९९ साली आण्णा आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे. मिरजेहून गाडीत बसवून दिलं होतं दादानेच. त्यांना शेतावर नेलं. ट्रॅक्टरभोवती ते दोनदा फिरले, मागच्या चाकाला हात लावला, आणि विचारलं, "उभा असला तर खातो का काही?" म्हटलं नाही, चालला तरच डिझेल. "मग बरं. बैलाला बसवून ठिवला तरी वैरण लागती." मी म्हणालो, "आण्णा, हा उभ्या उभ्या व्याज खातो." ते खूप दिवसांनी मोठ्याने हसले. मग त्यांनी पिशवीतून कागदात बांधलेली एक घुंगुरमाळ काढली आणि बॉनेटला बांधली. हौशाची की पाखऱ्याची ते त्यांनाही आता सांगता येत नव्हतं. मी त्यांना सीटवर बसवलं, इंजिन सुरू केलं, स्वतः खाली उभा राहिलो. पुढे न्यायला ते तयार होईनात. दहा मिनिटं नुसते बसून राहिले. मग म्हणाले, "त्र्याहत्तरला ह्यो असता तर..." आणि वाक्य सोडून दिलं. २००७ साली ते गेले.

आता थोडं हिशेबाचं, कारण समोर बरेच निवृत्त अकाउंट्सवाले बसले आहेत आणि ते मला सोडणार नाहीत.

सौ.च्या वहीप्रमाणे २००३ साली आमचा ट्रॅक्टर वर्षभरात एकशे सत्तर तास चालला. सोयाबीन, गहू, थोडा हरभरा, सहा एकरांत यापेक्षा काम निघतच नाही. विमा, शेड, झीज, दुरुस्ती, गुंतलेल्या पैशावरचं व्याज, हे सगळं ट्रॅक्टर चालो न चालो, लागतंच. ते एकशे सत्तर तासांवर वाटलं, तर माझा एक तास भाड्याच्या ट्रॅक्टरच्या जवळजवळ तिप्पट महाग पडत होता. म्हणजे शेजाऱ्याला फोन करून नांगरून घेतलं असतं तर पैसे वाचले असते. हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. पण पेरणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या दारात रांगेत उभं राहायचं? ते मला जमत नव्हतं. तिप्पट पैसे मी वाफशासाठी मोजत होतो.

याच कारखान्यातल्या दोन मित्रांचं सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही. एक आमचे सरदारजी. त्यांच्या वडिलांची लायलपूरला कालव्याखाली एक मुरब्बा म्हणजे पंचवीस एकर जमीन. सत्तेचाळीस साली ती सोडून आले. इकडे पूर्व पंजाबात निर्वासितांना जमीन वाटली तेव्हा जमीन कमी आणि मागणारे जास्त, म्हणून तरलोक सिंग नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने 'स्टँडर्ड एकर' काढला : जमिनीची प्रत आण्यांत मोजायची आणि ज्याची जितकी जास्त, त्याची तितकी जास्त कपात. सरदारजींचं बालपण त्या कपातीच्या गोष्टी ऐकण्यात गेलं. गावाचा चक नंबर त्यांना स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ. ते तो कधी पाहिलेलासुद्धा नाही! रायसेन जिल्ह्यात त्यांनी चार-चार, पाच-पाच एकर करत जमीन घेतली. ज्या दिवशी पंचवीस पुरे झाले त्या दिवशी विभागात लाडू वाटले, नवा मॅसी घेतला, आणि त्यानंतर एक गुंठाही घेतला नाही.

दुसरे मित्र यवतमाळकडचे. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालदार. वर्षाच्या बोलीवर राबायचं, बैल मालकाचे, पाडव्याला नवा करार. घरची जमीन शून्य. या मित्राने काय केलं असेल? त्याने जमीन घेतलीच नाही. आधी ट्रॅक्टर घेतला, नवाकोरा, कर्ज काढून, आणि मेहुण्याला चालवायला बसवला. नांगरणी, पेरणी, मळणी, ट्रॉलीने विटा-वाळू, लग्नाची वऱ्हाडं. वर्षाला नऊशे तास! पाच वर्षांत कर्ज फिटलं, मग नफ्यातून दोन एकर आलं. मी त्याला विचारलं, जमीन आधी का नाही? तो म्हणाला, "तुमच्यासाठी जमीन म्हणजे गेलेली वस्तू. आमच्याकडे ती नव्हतीच, त्यामुळे आठवणही नाही. बापाने आयुष्यभर मालकाचे बैल हाकले. मला फक्त औत स्वतःचं हवं होतं." तिघांत ट्रॅक्टर परवडला तो याच एकाला. मी आणि सरदारजी, दोघेही जुनी बाकी वसूल करायला निघालो होतो. तो धंदा करायला निघाला होता.

आणि दादाचं काय? तेही सांगतो, कारण ते सांगताना मला जड जातं.

१९९३ सालापासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांची चळवळ. कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळालंच पाहिजे आणि ते सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे, ही मागणी. दादा त्या परिषदांना जाऊ लागला. मी चावडीत सातबारा शोधत होतो त्या वर्षीही तो मोर्च्यात होता, ते मला फार उशिरा कळलं. भाकरी बांधून जायचा, मोर्च्यात चालायचा, परत येऊन रानात जायचा. असं वीसेक वर्षं. टेंभू योजनेचं पाणी आमच्या भागात पोचायला दोन हजार दहानंतरची वर्षं उजाडली. ज्या विहिरीत पारवे असायचे तिला आज उन्हाळ्यातही पाणी आहे. पुतण्याने डाळिंब लावलंय. त्याच्याकडे एक छोटा ट्रॅक्टर आहे, ओळींमधून जाणारा, मागे फवारणीचा ब्लोअर लावलेला. तो रोज चालतो. पुतण्या हिशेबाला पक्का आहे, ट्रॅक्टर का घेतला हे तो दोन मिनिटांत सांगू शकतो. मला मात्र तुमचा अर्धा तास लागला.

त्र्याहत्तर साली त्या रानात आम्ही तिघे होतो. मी जाऊन ओढणारं यंत्र घेतलं. दादा पाणी आणायला गेला. कमी काय होतं ते त्याने बरोबर ओळखलं होतं. बैल गेले ते पाणी नव्हतं म्हणून, हे मला इंजिनिअर असून सुचलं नाही.

गेल्या मे महिन्यात मी आणि सौ. गावी गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, बाबांचं आणि माझं बोलणं झालंय. विहिरीजवळचं अर्धा एकर तुमच्या नावावर लावायचं म्हणतोय. सातबाऱ्यावर तुमचं नाव येऊ दे." दादा पान जुळवत बसला होता. वर बघितलं नाही त्याने. तीस वर्षांपूर्वी मी मागितलेलं ते हेच अर्धा एकर. मी म्हणालो, आधी बहिणीला विचारू, तिलाही तेवढंच मिळालं पाहिजे, नाहीतर मला नको. दादाने सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाला, "इचार की. फोन हाय नव्हं तुज्याकडं." बहिणीला फोन लावला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, कळवते. अजून तिने कळवलेलं नाही, आणि मीही घाई केलेली नाही. १९८८ साली तिला विचार करायला कुणी वेळ दिला नव्हता.

माझी मुलगी बंगळूरला असते. ती म्हणते, बाबा, भोपाळची जमीन आता शहरात येईल, विकून टाका, ट्रॅक्टर भंगारात द्या. जमिनीचं तिचं म्हणणं कदाचित बरोबर असेल, रायसेन रस्त्यावर कॉलनीच्या पाट्या लागल्याच आहेत. सध्या शेत मी बटाईने दिलंय. बटाईदाराकडे स्वतःचा मोठा ट्रॅक्टर आहे, त्याला माझ्या पंचवीस अश्वशक्तीचं हसू येतं. तेव्हा आमचा एचएमटी आता वर्षातून मोजके दिवस चालतो. बेंदराच्या दिवशी मी त्याला धुतो, हळदकुंकू लावतो, शेडमध्येच एक चक्कर मारतो. आणि मग थेट अनंत चतुर्दशी.

शेवटी कार्यकर्त्यांना दोन सूचना. ट्रॉलीचं मागचं डावं टायर या आठवड्यात बदललं आहे, त्यामुळे मागच्या वर्षीसारखं पटेल नगरच्या चढावर सगळ्यांना उतरावं लागणार नाही. डिझेल मंडळाने भरायचं आहे, पावती सौ.कडे द्यावी. आणि बॉनेटवरच्या घुंगुरमाळेला दरवर्षी कुणीतरी हौसेने झेंडूच्या माळा गुंडाळतं, त्या जरा सैल बांधाव्यात. तिचा आवाज दबतो.

गणपती बाप्पा मोरया!